कायकू रुके?

हैदराबादचे फोटो काढायचे म्हणून कोणी तारनाक्याला येत नाही. त्यासाठी चारमिनार आहे, गोवळकोंडा आहे, कुतुबशाही मकबरे आहेत, हुसेनसागरावरची संध्याकाळ आहे. तारनाका हे वाटेत लागणारं ठिकाण. सिकंदराबादहून उप्पलकडे निघालं की मेट्टुगुड्यानंतर ते येतं, आणि २०१७च्या नोव्हेंबरात डोक्यावरून मेट्रो धावायला लागल्यापासून बहुतेकांना ते फक्त एका स्टेशनाचं नाव म्हणून माहीत असतं. एका अंगाला सरकारी प्रयोगशाळा: रसायनांची आयआयसीटी, आहाराची एनआयएन, थोडं पुढे हबसीगुड्याकडे पेशींची सीसीएमबी आणि पृथ्वीच्या पोटाचा अभ्यास करणारी एनजीआरआय. दुसऱ्या अंगाला उस्मानिया विद्यापीठाचं अफाट आवार. जवळच लालागुड्याची रेल्वे वसाहत. संशोधक, विद्यार्थी, रेल्वेची माणसं आणि त्यांच्या आधाराने राहणारे आम्ही बाकीचे, अशी इथली वस्ती.

मी नांदेडची. लग्न होऊन इथे आले, नवऱ्याची नोकरी प्रयोगशाळेतली, मुलं इथेच वाढली. माझ्या आजोबांच्या पिढीला हैदराबाद हीच राजधानी होती. १९५६ साली मराठवाडा वेगळा झाला तरी कोर्टकज्जापासून चष्म्याच्या नंबरापर्यंत सगळ्यासाठी त्यांना हैदराबादच आठवायचं. त्यामुळे हे गाव मला परकं कधी वाटलं नाही. पण ते मी नीट पाहिलं मात्र उशिरा. मुलगा शिकायला बाहेर गेला, त्याचा कॅमेरा कपाटात राहिला, आणि एका पहाटे तो गळ्यात अडकवून मी विद्यापीठाच्या रस्त्याला लागले. तिथेच चाचा भेटले, आणि त्यांच्यामुळे आमचा रविवार.

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही काही जण कोणाच्या तरी घरी जमतो आणि त्या महिन्यात काढलेले फोटो एकमेकांना दाखवतो. मंडळ नाही, नाव नाही, वर्गणी नाही. चाचा पूर्वी एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. एक डॉक्टरगारू आहेत, दवाखाना आता मुलाकडे सोपवलेला. पेशींच्या प्रयोगशाळेत काम करणारी एक बंगाली मुलगी आहे. रेल्वेच्या वर्कशॉपमधला एक तरुण आहे, तो मला अम्मा म्हणतो. आणि समोरच्या इमारतीतल्या अक्का, ज्यांच्या घरी रविवार असला की पेसरट्टू मिळतो, म्हणून त्या दिवशी कोणी गैरहजर राहत नाही. बोलणं हिंदीत सुरू होतं, मध्येच तेलुगूत जातं, चाचा रंगात आले की दखनीत येतं. मराठीत फक्त माझा स्वतःशी चाललेला विचार असतो.

नियम दोनच. पहिला, फोटो छापून आणायचा. नवीन येणारा प्रत्येक जण यावर वाद घालतो, आणि त्याचं म्हणणं समजण्यासारखं असतं, कारण छापायला पैसे पडतात. पण मोबाइलवर फोटो बघताना बोट आपोआप पुढच्या फोटोकडे सरकतं. छापलेला फोटो हातात घ्यावा लागतो, उजेडाकडे वळवावा लागतो, शेजारच्याकडे द्यावा लागतो. नंतर तो सतरंजीवर पडून राहतो. चहा येतो, कोणाच्या तरी भाच्याच्या लग्नाचं निघतं, आणि मग अचानक कोणी तरी पुन्हा त्या फोटोकडे बघून विचारतं, "ते मागे खिडकीत कोण आहे?" ही दुसऱ्यांदा पडणारी नजर मला फार मोलाची वाटते. शिवाय महिनाभरात काढलेल्या ढिगातून छापण्यापुरते तीन-चार निवडायचे, या निवडीतच अर्धं शिक्षण होतं.

दुसरा नियम, ज्याचा फोटो त्याने आधी गप्प बसायचं. बाकीच्यांनी त्यात काय दिसतं ते सांगायचं. चांगला की वाईट हे नाही, काय दिसतं एवढंच. सगळ्यांचं बोलून झालं की चाचा फोटोच्या मालकाकडे वळून विचारतात, "अब बोलो, कायकू रुके?"

का थांबलास? इतक्या गर्दीच्या, घाईच्या रस्त्यावर, नेमका इथे, या क्षणी तुझा पाय का थबकला?

या प्रश्नाचं उत्तर देणं किती अवघड आहे हे त्या सतरंजीवर बसल्याशिवाय कळत नाही. "उजेड छान होता" हे उत्तर चाचा मान्य करत नाहीत. उजेड रोजच छान असतो, म्हणतात.

आमच्याकडे तंत्राचं बोलणं होत नाही असं नाही. पुष्कळ होतं, आणि ते हवंच. हैदराबादचा उन्हाळ्यातला उजेड कॅमेऱ्याला सोसत नाही. सकाळचे आठ वाजून गेले की पांढरा शर्ट नुसता पांढरा डाग होतो, कडुनिंबाखाली बसलेल्या माणसाचा चेहरा काळा पडतो. अशा वेळी चेहऱ्यावरच्या उजेडाचं माप घ्यावं आणि मागचा रस्ता जळला तर जळू द्यावा, हे मला डॉक्टरगारूंनी शिकवलं. ग्रॅनाइटचा रंग दुपारी मेलेला असतो, पण पाऊस पडून गेल्यावर, ढग अजून गेले नसताना, त्याच दगडात गुलाबी आणि करडा असे कितीतरी थर दिसू लागतात, हेही त्यांचंच. विद्यापीठाच्या आर्ट्स कॉलेजच्या बाबतीत हे फार खरं आहे. एर्नेस्ट जॅस्पर या बेल्जियन वास्तुकाराची ती गुलाबी ग्रॅनाइटची इमारत. निजाम मीर उस्मान अली खान यांनी ४ डिसेंबर १९३९ रोजी तिचं उद्घाटन केलं, आणि तेव्हापासून तारनाक्याच्या प्रत्येक नव्या छायाचित्रकाराचा पहिला फोटो तिच्या कमानीचाच असतो. आम्ही तो फोटो प्रेमाने बघतो. आतल्या खांबांमध्ये अजिंठा-वेरूळची छाया आहे असं म्हणतात, आणि मराठवाड्याच्या माझ्यासारखीला तिथे उभं राहिल्यावर ते पटतंही.

पण तंत्र शिकवून संपतं. वर्षभरात कोणीही हुशार माणूस ते शिकतो. त्यानंतर सतरंजीवर उरतो तो चाचांचा प्रश्न.

एका मे महिन्यात बंगाली मुलीने एक फोटो आणला. गच्चीवर ठेवलेला स्टीलचा पेला, वरून सरळ खाली बघून टिपलेला. पेल्याला सावलीच नव्हती. ९ मेच्या दुपारी, बारा वाजून बारा मिनिटांच्या सुमाराला काढलेला. त्या दिवशी सूर्य हैदराबादच्या बरोबर डोक्यावर येतो. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावांना हा योग वर्षातून दोनदा येतो, आपल्याला मेमध्ये आणि मग ऑगस्टच्या सुरुवातीला. घड्याळात बाराच्या पुढची वेळ का, हेही तिने समजावलं. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरची, आणि हैदराबाद त्याच्या चार अंश पश्चिमेला, म्हणून आपली खरी दुपार सोळा मिनिटं मागे. त्यातून वर्षाच्या त्या काळात सूर्य घड्याळाच्या थोडा पुढे असतो, ती तीन-चार मिनिटं वजा. रेल्वेतल्या मुलाने लगेच बोटांवर हिशेब करून पाहिला.

आम्ही सगळे त्या पेल्याकडे बघत होतो. अक्का मात्र फोटोच्या कोपऱ्यात बघत होत्या. तिथे कापडाची एक कड दिसत होती, आणि कापडावर लाल काही तरी. "मिरच्या वाळत घातल्यात," अक्का म्हणाल्या. "हे आवकायचं ऊन आहे." मुलीला त्या मिरच्या दिसल्याच नव्हत्या. तिच्या घरमालकिणीच्या होत्या त्या. एकाच फोटोत एकीला पृथ्वीचा कललेला आस दिसला आणि दुसरीला लोणच्याचा हंगाम, आणि दोघींचं खरं होतं, कारण दोन्ही गोष्टी त्याच सूर्यामुळे घडत होत्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही मुलगी तो फोटो एकटीनेच बघत बसली असती तर तो अर्धाच राहिला असता.

पुढच्या खेपेला अक्कांनी कैऱ्या फोडणाऱ्याचा फोटो आणला. आवकायचे दिवस आले की इथल्या बाजारात जाड पात्यांच्या विळ्या घेऊन माणसं बसतात. आपण कैऱ्या विकत घ्यायच्या आणि त्यांच्याकडून फोडून घ्यायच्या. आपल्याकडे लोणच्याला कोय काढून टाकली तरी चालते, आवकायला चालत नाही. प्रत्येक फोडीला कोयीच्या टणक कवचाचा तुकडा हवा, तरच ती वर्षभर मऊ पडत नाही. म्हणून ती फोडायला जोर लागतो, घरच्या विळीचं ते काम नव्हे. अक्कांच्या फोटोत त्या माणसाचा चेहरा नव्हता. पातं, ओला टॉवेल, फोडींचा ढीग आणि दोन हात. डॉक्टरगारूंना चौकट कापलेली वाटली. चेहरा हवा होता, म्हणाले. मग चाचांचा प्रश्न आला.

"त्याचा अंगठा," अक्का म्हणाल्या. "पातं इतक्या जोरात खाली येतं आणि दर वेळी अंगठा वाचतो. मी किती वेळ तेच बघत उभी होते."

आम्ही सगळे पुन्हा फोटोवर वाकलो. अंगठा होता, पात्यापासून जेमतेम बोटभर अंतरावर, निश्चिंत. चेहरा असता तर तो कोणाला दिसला नसता.

चाचांना हा प्रश्न कुठून सुचला, ते मी एकदा विचारलं. त्यांनी दीनदयाळांचं नाव घेतलं. राजा दीनदयाळ हैदराबादचे सर्वांत मोठे छायाचित्रकार, पण चाचांचा त्यांच्यावर जीव आहे तो दुसऱ्याच कारणासाठी. दीनदयाळ मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे, जन्म १८४४चा. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकले आणि इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, नकाशे आणि खर्चाचे अंदाज तयार करण्याच्या कामावर. कॅमेरा त्यांनी हाती घेतला तो १८७४च्या सुमाराला, नोकरी सांभाळून. म्हणजे आपल्यासारखाच हौशी माणूस, चाचा म्हणतात, आणि वर नकाशेवाला. त्यांनी आपले फोटो दाखवले, आणि ते बघणारी माणसं त्यांना भेटली, यात त्यांचं नशीब. इंदूरचे तुकोजीराव होळकर आणि इंग्रजांचे प्रतिनिधी सर हेन्री डॅली यांनी त्यांना उत्तेजन दिलं. १८८२ साली इंग्रज अधिकारी सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात हिंडले, तिथल्या वास्तूंचे फोटो पुढे पुस्तकात आले, नोकरी सुटली आणि ते हैदराबादला सहाव्या निजामाच्या, महबूब अली खानांच्या पदरी आले. १८९४ साली राजा ही पदवी मिळाली. सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ होता, आणि पडद्यातल्या बायकांसाठी हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ, जिथे फोटो काढणारीही बाईच होती. पहाटे एकटीने कॅमेरा घेऊन निघताना मला त्या स्टुडिओच्या भिंतींची पुष्कळदा आठवण येते.

दीनदयाळांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. दरबार, शिकारी, राजवाडे, पाहुणे. चाचा ते फोटो पुस्तकांत बघतात ते कडेने. मधोमध साहेब बसलेला असतो, त्याच्यासाठीच फोटो काढलेला असतो. पण कडेला घोड्याचा लगाम धरलेला, पंखा धरलेला, नुसताच उभा असलेला कोणी तरी असतो. "दीनदयाळ को हुकुम था, इसलिए रुके," चाचा म्हणतात. "हमको कोई हुकुम नहीं. तो फिर कायकू रुके, बोलना पडता." ज्याला कोणी थांबायला सांगितलेलं नाही त्याने आपल्या थांबण्याचं कारण शोधावं, हे त्यांचं म्हणणं मला वर्षानुवर्षं पुरलं आहे.

हौशी लोकांनी एकत्र बसून फोटो बघण्याची ही रीत आपल्याकडे चांगलीच जुनी आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी, मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, दोघेही तिच्यात होते. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. १८५६ पासून दोनेक वर्षं जॉन्सन आणि हेंडरसन यांनी हौशी मंडळींच्या फोटोंचं एक मासिक मुंबईतून चालवलं. फोटो छापखान्यात छापण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून अंकाच्या प्रत्येक प्रतीत खरे फोटो चिकटवलेले असत. काच रसायनात बुडवायची, ती वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचा, सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा, आणि तोही मुंबईच्या उकाड्यात अंधाऱ्या तंबूत. एवढं करून हाती आलेला फोटो ती माणसं एकमेकांना दाखवायला सभेला घेऊन येत. रुग्ण तपासून थकलेला डॉक्टर संध्याकाळी काच सांभाळत तिथे जातो, ते कशासाठी? त्याला पैसे मिळणार नव्हते. तो जे बघून थांबला ते दुसऱ्या कोणाला दिसतं का, हे त्याला जाणून घ्यायचं असणार, असं मला वाटतं. आमचे डॉक्टरगारू रविवारी हातात पाकीट घेऊन जिना चढतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तेच असतं.

डॉक्टरगारू स्पर्धांना फोटो पाठवतात. त्यांच्या नावापुढे आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघाच्या सन्मानाची अक्षरं आहेत, आणि ती त्यांनी कष्टाने मिळवली आहेत. १९५३ साली स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफीने आणि गावोगावच्या क्लबांनी हौशी लोकांना शिस्त लावली, जगाचे फोटो दाखवले, हे मोठंच काम. हैदराबादच्या फोटोग्राफी अकादमीने १९८१ मध्ये जी. थॉमस यांचा भारतीय छायाचित्रणाचा इतिहास प्रसिद्ध केला, तोही याच हौसेतून. पण स्पर्धांच्या फोटोंबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि ते मी डॉक्टरगारूंना तोंडावर सांगते. परीक्षक काही सेकंदांत गुण देतो. त्या काही सेकंदांत पकडणारा फोटो सगळ्यांनाच काढावासा वाटतो. म्हणून सुरकुतलेला म्हातारा, धुळीत धावणारे घोडे, जाळं फेकणारा कोळी, धुरातला साधू हे पुन्हा पुन्हा येत राहतात. तिथे थांबण्याची जागा आधीच कोणी तरी ठरवून दिलेली असते. कैरी फोडणाऱ्याचा अंगठा दिसायला काही सेकंद पुरत नाहीत. डॉक्टरगारू हे ऐकून घेतात, पटलं नाही असं सांगतात, आणि पुढच्या रविवारी मुद्दाम एखादा असा फोटो आणतात जो कुठेच पाठवता येणार नाही.

आमचं सर्वांत मोठं भांडण रेल्वेतल्या मुलाच्या फोटोवरून झालं. सरकारी भरतीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनी उस्मानियाचं आवार भरलेलं असतं. झाडाखाली, पायऱ्यांवर, दिव्याच्या खांबाखाली, जिथे सावली किंवा उजेड मिळेल तिथे पुस्तक उघडून बसलेली असतात. रात्रपाळी संपवून येताना पहाटे त्याला पायरीवर झोपलेला एक मुलगा दिसला. जाड पुस्तकावर डोकं, पायातली एक चप्पल खाली घरंगळलेली, पहिलं ऊन नुकतंच कानाला लागलेलं. फोटो इतका सुंदर होता की आम्ही सगळे काही वेळ त्यात काय दिसतं तेही बोललो नाही.

बंगाली मुलगी म्हणाली, "याला विचारलं होतं?"

झोपलेल्याला काय विचारणार? डॉक्टरगारूंचं म्हणणं, जागा सार्वजनिक आहे, फोटोत बदनामी काही नाही, उलट कौतुकच आहे. तिचं म्हणणं, माणूस झोपेत असतो तेव्हा आपण कसं दिसावं हे त्याच्या हातात नसतं, तेवढ्यासाठी तरी त्याचा फोटो घेऊ नये. बोलणं तापलं. अक्कांनी चहा पुन्हा टाकला. मी तिच्या बाजूने होते, आजही आहे. जगातले कितीतरी थोर फोटो न विचारता काढलेले आहेत हे मला माहीत आहे. पण ज्याचा फोटो आहे तो मेट्रोच्या एका स्टेशनाइतक्या अंतरावर राहतो, तेव्हा थोर फोटोंचे दाखले देऊन चालत नाही.

चाचांनी रेल्वेतल्या मुलाला आपला प्रश्न विचारला. तो मान खाली घालून म्हणाला, "रेल्वेच्या परीक्षेच्या वेळी मी पण असाच झोपायचो. त्याच पायरीवर."

त्याने भांडण मिटलं नाही, पण वळलं. ठरलं असं की त्याने तो फोटो घेऊन जावं आणि त्या मुलाला शोधावं. त्याने शोधलं. त्या विद्यार्थ्याने फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाला, निकाल लागेपर्यंत कोणाला दाखवू नका, लागला की मला एक प्रत हवी. त्या फोटोचं पाकीट अजून चाचांच्या कपाटात आहे. निकाल लागलेला नाही.

आता जुन्या फोटोंबद्दल. चाचांचे मोठे भाऊ हौसेने फोटो काढायचे, आग्फा क्लिक थ्रीने. तो कॅमेरा ज्यांच्या घरी होता त्यांना आठवत असेल, एका रोळात बारा चौकोनी फोटो, आणि रोळ संपायला कधी कधी दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत लागायचं. भाऊ गेल्यावर चाचांनी त्यांच्या फोटोंचा डबा आणला. सहा सेंटिमीटरचे चौकोन, पांढऱ्या किनारीचे. एकात त्यांची भाभी नव्या सायकलला धरून रस्त्यात उभी आहे. भाऊ का थांबले ते विचारावं लागत नाही, ते तिच्या हसण्यातच आहे. पण आम्ही कोणीच भाभीकडे बघत नव्हतो. तिच्या मागे उघडं माळरान होतं आणि त्यावर दगड. एकावर एक तोललेले, घराएवढे, क्षितिजापर्यंत. "हे कुठलं?" रेल्वेतला मुलगा म्हणाला. चाचांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं.

हैदराबादचा हा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे, सह्याद्रीच्या काळ्या कातळाहून कितीतरी पटींनी म्हातारा. वारा-पावसाने त्याला गोल केलं, एकमेकांवर तोलून ठेवलं. आणि एका माणसाच्या आयुष्यात तो सुरुंग लावून फोडला गेला, त्याची खडी झाली, त्या खडीवर आम्ही राहतो. तो वाचवण्यासाठी १९९६ मध्ये या शहरात सोसायटी टू सेव्ह रॉक्स स्थापन झाली, काही दगड वाचलेही. तारनाक्याचे फारसे वाचले नाहीत. चाचांच्या भावाने ते दगड टिपले हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. ते बायकोचा फोटो काढत होते.

त्या फोटोनंतर माझं फिरणं बदललं. वरंगलचे छायाचित्रकार भरत भूषण २०२२ मध्ये गेले. तेलंगणाच्या खेड्यातली घरं, माणसं, बतुकम्माचा सण त्यांनी किती वर्षं चिकाटीने टिपला होता. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण आपल्या गल्लीचं काम आपल्याला करता येईल, असं मी ठरवलं. तारनाक्यात शिल्लक राहिलेले दगड शोधू लागले. ते आहेत. एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये खांबाच्या जागी एक आहे, बिल्डरला तो फोडता आला नसणार. एकाच्या अंगावर हळद-कुंकू लावून पोचम्मा बसवली आहे, म्हणून तो कोणी फोडणार नाही. एका घराची मागची भिंत म्हणजेच एक शिळा, तिला खिळा लागत नाही म्हणून कपड्यांची दोरी तिच्याभोवती गुंडाळून बांधली आहे. विद्यापीठाच्या आवारात, मह लका बाई चंदाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या बारवेच्या बाजूलाही मी याच शोधात गेले. दोनशे वर्षांपूर्वीची ती शायरा, तिची जहागीर या भागात होती.

गेल्या महिन्यात मी दोरीच्या शिळेचा फोटो नेला. बंगाली मुलीला त्यात दोरीचा ताण दिसला, डॉक्टरगारूंना ओल्या दगडाचा रंग, अक्कांना वाळत घातलेल्या परकराची शिवण. मग चाचांनी विचारलं. मी सांगितलं की ज्या बाईचं ते घर आहे ती शिळेला टेकून भाजी निवडत होती, मी आल्यावर उठून आत गेली, आणि ती जिथे टेकायची तिथे दगड गुळगुळीत झाला होता, त्यासाठी थांबले. फोटोत ती चकाकी आली नव्हती. "भाभी, दुपहर को गए होंगे," चाचा मला म्हणाले. "शाम को जाओ. तिरछी धूप में आएगी." डॉक्टरगारूंनी त्यांचा ट्रायपॉड देऊ केला. रेल्वेतला मुलगा म्हणाला, अम्मा, त्या बाईंनाच परत टेकून बसायला सांगा ना. अक्कांनी त्याला गप्प केलं.

चाचांच्या भावाच्या डब्यामुळे आणखी एक गोष्ट ठरली. त्यातल्या अर्ध्या फोटोंवर काहीच लिहिलेलं नाही. कोण, कुठे, कधी, सांगणारं माणूस आता राहिलं नाही. म्हणून बोलणं संपलं की आम्ही प्रत्येक फोटो उलटा करून मागे तारीख, जागा आणि चाचांच्या प्रश्नाचं उत्तर लिहितो, ज्याला जी भाषा येते तिच्यात. माझं मराठीत, अक्कांचं तेलुगूत, चाचांचं उर्दूत, मुलीचं बंगालीत. डॉक्टरगारू इंग्रजीत लिहायचे, आता तेलुगूत लिहितात. रेल्वेतल्या मुलाने मागच्या खेपेला पहाटेच्या हलत्या गाडीचा एक धूसर फोटो आणला होता. उजेड कमी, शटर मंद, खिडक्यांच्या नुसत्या पिवळ्या रेघा. तो बॉलपेन काढून मागे गाडीचा नंबर आणि ती किती मिनिटं उशिरा होती ते लिहू लागला, तेव्हा चाचा ओरडले, शाई उतरते पुढच्या बाजूला, कितनी बार बोला. पेन काढून घेऊन त्यांनी त्याच्या हातात नकाशा काढायची मऊ पेन्सिल दिली, आणि लिहून होईपर्यंत त्याच्या खांद्यावरून बघत उभे राहिले.